काचेतून उराशी: कमी वजनाच्या बाळांसाठी कांगारू केअरचे तास कसे वाढवायचे

नाशिकात कुणाकडे कमी दिवसांचं बाळ झालं की नातेवाइकांना फोनवर एकच वाक्य कळवलं जातं, ‘बाळाला काचेत ठेवलंय.’ बाळ काचेत, म्हणजे ऊब देणाऱ्या यंत्रात, आई वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात, बाप चिठ्ठ्या घेऊन जिन्यात आणि आजी डबा मांडीवर घेऊन बाहेर पायरीवर. नवजात कक्षात बरीच वर्षं काढल्यावर मला वाटतं, या चौघांना एका खोलीत आणणं हेच आपलं निम्मं काम. एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात, नव्याने रुजू झालेल्या सिस्टर, उपकेंद्रावरचे सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आणि आशाताई यांच्यासाठी हे लिहिते आहे. कांगारू मदर केअर (केएमसी), म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीवर त्वचेला त्वचा लावून ठेवणं, हे नाव तुम्ही प्रशिक्षणात ऐकलेलं असतं, त्याचं चित्र भिंतीवर लावलेलंही असतं. अडचण एवढीच की बहुतेक ठिकाणी ते चित्र सकाळी अकरा ते साडेअकरा एवढंच खरं असतं. तो अर्धा तास आठ तासांवर आणि पुढे त्याहून जास्त कसा न्यायचा, ते बघू.

अर्धा तास का पुरत नाही

जन्मतः २५०० ग्रॅमपेक्षा कमी भरलेलं बाळ म्हणजे कमी वजनाचं बाळ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत वजन केलेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळं या गटात होती. म्हणजे ही क्वचित येणारी केस नव्हे.

अशा बाळाच्या अंगावर चरबी फारशी नसते, कातडी पातळ असते आणि वजनाच्या मानाने अंगाचा उघडा भाग जास्त. ऊब झरझर निघून जाते. बाळ गार पडलं की ऊब टिकवण्यासाठी ते साखर आणि ऑक्सिजन खर्च करतं. साखर खाली येते, मग ते दूध ओढत नाही, मग श्वास अडखळतो. ही साखळी पहिल्याच कडीत तोडायची, तर आईच्या उघड्या छातीइतकं सोयीचं साधन नाही. बाळ गार असेल तर तिथली त्वचा तापते, बाळ तापलं तर निवते. आईच्या श्वासाच्या हालचालीमुळे बाळ श्वास घ्यायला विसरण्याचं प्रमाण कमी होतं. तिच्या अंगावरचे सवयीचे जंतू बाळाच्या अंगावर आधी वस्तीला येतात, त्यामुळे दवाखान्यातल्या जंतूंना जागा कमी उरते.

ही पद्धत निघाली गरजेपोटी. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांच्या रुग्णालयात इनक्युबेटर अपुरे होते आणि संसर्ग फार होता. त्यांनी बाळं आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तरीही पुढे कितीतरी वर्षं आपण सगळे असंच शिकलो की आधी बाळ यंत्राखाली स्थिर करा, मग आईकडे द्या. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने हा क्रम उलटा केला. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत, म्हणजे आपल्याकडचं दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय, मिळून १ ते १.८ किलोच्या आतली ३२११ बाळं त्यात होती. एका गटाला जन्मानंतर लगेच, स्थिर होण्याची वाट न बघता, आईच्या छातीवर ठेवलं. दुसऱ्या गटाला नेहमीसारखं आधी यंत्राखाली. २८ दिवसांत पहिल्या गटात १२ टक्के बाळं दगावली, दुसऱ्यात १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला गेला.

त्यातला मला सर्वांत बोलका वाटलेला आकडा वेगळाच आहे. विशेष कक्षात असताना पहिल्या गटातलं बाळ दिवसाला साधारण १७ तास छातीवर होतं, दुसऱ्या गटातलं दीड तास. त्या दीड तासालाही रजिस्टरमध्ये ‘केएमसी दिली’ असंच लिहितात. आपलं अकरा ते साडेअकरा तर त्याहूनही कमी.

नोव्हेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करा आणि दिवसाला ८ ते २४ तास द्या. वगळायचं ते स्वतःहून श्वास न घेणारं, शॉकमध्ये (रक्ताभिसरण कोलमडलेल्या अवस्थेत) असलेलं किंवा व्हेंटिलेटर लागणारं बाळ. सलाईन लागलंय, नाकात ऑक्सिजनची नळी आहे, नळीने दूध चालू आहे, ही ‘नाही’ म्हणायची कारणं नव्हेत. निर्णय डॉक्टरांचा, पण राऊंडला तो प्रश्न रोज विचारणं तुमचं काम.

पहिली पायरी: वही

काहीही बदलण्याआधी दोन आठवडे फक्त लिहा. साधी दोनशे पानी वही चालेल. बाळाचं वजन, छातीवर घेतल्याची वेळ, काढल्याची वेळ, कुणी घेतलं, आणि शेवटचा रकाना ‘का थांबलं’.

या शेवटच्या रकान्यासाठीच हा सगळा खटाटोप. मी हे केलं तेव्हा मला वाटलं होतं की ‘बाळाला सहन झालं नाही’ असं बरंच निघेल. निघालं ते असं: राऊंड आला. जेवायला गेली. पाठ अवघडली. लघवीला जायचं होतं, बाळ धरायला कुणी नव्हतं. सफाईसाठी बाहेर काढलं. भेटीची वेळ संपली. वाचून थोडं ओशाळायला झालं, कारण निम्मी कारणं आमचीच होती.

तुमच्या कक्षाची यादी वेगळी असेल. पण त्यातलं जे कारण सर्वांत जास्त वेळा आलंय, तिथूनच सुरुवात करा. पोस्टर छापून नको.

दुसरी पायरी: आईला टेकायला जागा

प्लॅस्टिकच्या खुर्चीत ओली बाळंतीण तासाभरात अवघडते. टाके असतील तर त्याआधीच. पाठ मागे कलती राहील अशी आरामखुर्ची किंवा डोक्याकडून वर होणारी खाट लागते. तेही नसेल तर साध्या खाटेवर दोन उशा आणि घडी घातलेली गोधडी पाठीला लावा, काम भागतं. बाजूला पडदा, हाताशी पाण्याची बाटली, स्वच्छतागृह जवळ. खोली २५ ते २८ अंशांवर, पंखा थेट अंगावर नको.

खर्चासाठी रुग्ण कल्याण समितीकडे जायचं तर वही घेऊन जा. ‘चार आरामखुर्च्या हव्यात’ म्हणण्यापेक्षा ‘पाठ दुखल्यामुळे दोन आठवड्यांत एवढे तास गेले’ असं म्हटलेलं अधीक्षकांना लवकर पटतं.

जेवणाचा प्रश्न कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात आईला साध्या बाळंतपणानंतर ३ दिवस आणि सिझेरियननंतर ७ दिवस मोफत जेवण आहे. बाराशे ग्रॅमचं बाळ मात्र महिनाभर राहू शकतं. चौथ्या दिवसापासून आई कागदावर ‘डिस्चार्ज’ असते आणि पोटात वडापाव. तिच्या दुधावर आणि तासांवर याचा परिणाम दिसणारच. उरलेल्या दिवसांच्या जेवणाची तजवीज कक्ष सुरू करतानाच लावून घ्या.

आणि तिच्या गोळ्या, टाके, बीपी यांसाठी तिला वरच्या मजल्यावर पाठवू नका. प्रसूती विभागाचा राऊंड इथे खाली यायला हवा. आई ही भेटीला आलेली पाहुणी नाही, तिला भेटीची वेळ लागू नाही. हा नियम दारावरच्या मावशींना आणि सुरक्षारक्षकाला तुम्ही स्वतः समजावून सांगा. परिपत्रक त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

तिसरी पायरी: बाळ बांधणं

हे वाचून येत नाही, हाताने करूनच येतं. तरी क्रम लक्षात ठेवा.

आईने कोपरापर्यंत हात धुवायचे, अंगठ्या-बांगड्या शक्य तेवढ्या काढायच्या. पुढून उघडणारा गाऊन किंवा ब्लाऊज, आत काही नको. बाळाच्या अंगावर फक्त टोपडं, पायमोजे आणि लंगोट. झबलं घालून छातीला लावलं तर ती कांगारू केअर नव्हे, नुसतं कडेवर घेणं झालं. हे दर आठवड्याला कुणाला तरी सांगावंच लागतं.

बाळ दोन्ही स्तनांच्या मधोमध उभं. डोकं एका कुशीला वळलेलं, हनुवटी किंचित वर. मान खाली मुडपली तर श्वासाची वाट दबते, फार मागे गेली तरीही. नाक मोकळं आणि तुम्हाला दुरून दिसेल असं. हात कोपरात दुमडलेले, पाय बेडकासारखे फाकून मुडपलेले. मग खालून आधार देऊन पट्टा. पट्ट्याची वरची कड बाळाच्या कानाच्या खाली, खालची कड ढुंगणाच्या खालून. पट्टा छातीवर घट्ट, पण पोटावर सैल, कारण बाळ पोटाने श्वास घेतं. वर गाऊन, शाल.

खास पट्टाच हवा असं नाही. धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याचा किंवा ओढणीचा लांब तुकडा उत्तम. बाळ झोळीने पाठीला बांधून रानात जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या बायका गाठ मारण्यात आपल्यापेक्षा तरबेज असतात. त्यांना फक्त ‘पाठीऐवजी पुढे, आणि मधे कापड नको’ एवढंच सांगावं लागतं. बांधल्यावर आईला उठवून चार पावलं चालवा. बाळ सरकत नाही हे तिला स्वतःला कळलं की तिच्या खांद्यांतला ताण जातो.

एकदा ठेवलेलं बाळ निदान तासभर हलवू नका. दर वीस मिनिटांनी काढ-घाल केली तर फायद्यापेक्षा त्रास जास्त. तापमान काखेत मोजा, ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस हवं. थर्मामीटर नसलेल्या घरात आशाताईंनी तळपाय आणि पोट हाताने बघायचं: दोन्ही गरम तर ठीक, पाय गार आणि पोट गरम तर ऊब कमी पडतेय, दोन्ही गार तर धोका.

जुळी असतील तर दोघांना एकदम, दोन बाजूंना. किंवा एक आईकडे, एक बापाकडे.

दूध

छातीवरच्या बाळाला दूध पाजणं सोपं, कारण अंतरच उरत नाही. ३४ आठवड्यांच्या आतल्या बाळाला मात्र ओढणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ जमत नाही. त्याला काढलेलं दूध बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने, अगदी लहान असेल तर नळीने. दूध काढणं पहिल्या काही तासांतच सुरू करा आणि दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा, रात्रीची वेळ न चुकवता. पहिला चीक दोन थेंब निघाला तरी तो बाळाच्या तोंडात गेला पाहिजे. दोन थेंब बघून आई ‘मला दूधच नाही’ म्हणून रडते. तिथे पाच मिनिटं बसा. बाटली आणि बूच कक्षाच्या आत येऊच देऊ नका.

चौथी पायरी: आजी आणि बाबा

एकट्या आईच्या जिवावर आठ तासांच्या पुढे जाता येत नाही. तिला आंघोळ आहे, जेवण आहे, झोप आहे. तेवढ्या वेळात छाती दुसऱ्या कुणाची तरी हवी. अंगावर त्वचेचा आजार, खोकला-ताप नाही, विडी-तंबाखू नाही, अंघोळ केलेली आहे, एवढं असलं की मावशी, आजी, बाप कुणीही चालतं. बापाच्या छातीवर केस आहेत, चालतील का, हा प्रश्न हमखास येतो. चालतात.

पुरुषाला शर्ट काढायला संकोच वाटतो, म्हणून पडदा. पण एकदा एक बाप बसला की दुसऱ्या दिवशी जिन्यातले बाकीचे आपणहून विचारतात, ‘सिस्टर, आमचं कधी?’ म्हणून पहिला माणूस नीट निवडा. गप्पिष्ट निवडा.

आजीचं वेगळं. ती तुमच्या विरोधात नसते, घाबरलेली असते. ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ हे तिने आयुष्यभर ऐकलेलं असतं. वाद घालू नका. बाळ तिच्या छातीवर ठेवा, अर्ध्या तासाने थर्मामीटर तिलाच दाखवा. आणि तिला आवर्जून विचारा की तिच्या वेळी अशक्त बाळाला कसं सांभाळायचे. बहुतेक आज्या कापूस, उबेची खोली आणि ‘कुशीतून खाली ठेवायचंच नाही’ असं सांगतात. तेच तर आपण करतोय.

रात्र

दिवसाचे आठ तास जमवले आणि रात्री बाळ पुन्हा यंत्राखाली, असं बऱ्याच ठिकाणी चालतं. रात्रीच सर्वांत जास्त सलग तास मिळतात. आई झोपली तरी चालतं, पण पाठ निदान १५ अंश उंच, पट्टा नीट बांधलेला आणि रात्रपाळीच्या सिस्टरची दर फेरीत नजर: नाक दिसतंय, रंग गुलाबी आहे, छाती हलतेय. आईने झोपेची गोळी घेतली असेल तर त्या रात्री दुसरं कुणी.

घाट ओलांडताना

सुरगाण्याहून नाशिकला यायला गाडीला अडीच-तीन तास सहज लागतात. पेठकडून सावळघाटात पावसाळ्यात धुकं असलं तर त्याहून जास्त. या वाटेवर बाळं गार पडून येतात. १०८ रुग्णवाहिका बोलावली की बाळ दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेण्याऐवजी नातेवाइकाच्या उघड्या छातीवर बांधा, वर टोपडं, वर घोंगडी. आई सिझेरियनची असेल आणि निघू शकत नसेल तर बाप. ऑक्सिजन चालू असेल तर चालूच राहतो. निघण्याआधी बाळाचं तापमान, शेवटचं दूध कधी दिलं ते आणि वजन एका कागदावर, आणि पोहोचायच्या ठिकाणी फोन. श्वासच नीट नसलेल्या बाळाची गोष्ट वेगळी; तिथे डॉक्टर सांगतील तसं.

पाचवी पायरी: घरी गेल्यावर

बाळ सलग तीन दिवस वजन वाढवतंय, पाजल्यावर गिळतंय, छातीवर असताना तापमान टिकवतंय आणि आईला स्वतःहून बांधता येतंय, तेव्हा घरी. पण खरी गळती घरी गेल्यावर होते. वॉर्डात बारा तास करणारी बाई घरी दोन तासांवर येते.

कारण सरळ आहे: हंडा कोण आणणार? सव्वा महिना खोलीतून बाहेर पडायचं नाही, हा रिवाज आपल्या कामाचा आहे, पण तो जिथे दुसरे हात आहेत तिथेच पाळला जातो. ज्या घरात नाहीत तिथे दहाव्या दिवशी बाई विहिरीवर असते. म्हणून सुट्टी देण्याआधी सासू आणि नवरा समोर बसवून तीन गोष्टी नावानिशी ठरवा: पाणी कोण, भाकरी कोण, मोठ्या मुलाकडे कोण. ‘सगळे मिळून करू’ हे उत्तर मान्य करू नका.

दुसरी गळती आपल्या जिल्ह्याची खास. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरची कितीतरी कुटुंबं द्राक्षाच्या कामाला निफाड-दिंडोरीकडे येतात, आणि तो हंगाम नेमका थंडीचा. निफाडचा पारा ५ अंशांच्या आसपास उतरलेला आपण दर हिवाळ्यात पेपरात वाचतो. त्या थंडीत शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दीड किलोचं बाळ असतं. गावची आशा घरी जाते तर दाराला कुलूप. म्हणून सुट्टीच्या कागदावर गावचा पत्ता तर लिहाच, शिवाय विचारा, ‘पुढच्या महिन्यात कुठे असाल?’ त्या गावच्या आशाचा नंबर तिथल्या तिथे शोधून कुटुंबाला द्या आणि तिलाही फोन करा. आशाच्या नेमून दिलेल्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. कमी वजनाच्या बाळाकडे त्याहून जास्त वेळा जावं लागतं.

इगतपुरी, त्र्यंबक भागात पावसाळ्यात लंगोट चार-चार दिवस वाळत नाहीत. अर्धओला लंगोट हे बाळ गार पडण्याचं साधं कारण आहे. जास्तीचे जुने सुती तुकडे गोळा करून ठेवायला आधीच सांगा.

बाजेखालची शेगडी आणि धुरी यांवरून भांडण होतंच. मी एवढंच सांगते: आईची कंबर शेका, पण बाळाच्या खोलीत धूर नको, त्याला शेकायला आईची छाती आहे. अंघोळ नको, कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्याने भरभर पुसून कोरडं करा. मध, गुटी, पाणी काही नाही.

बाळ दूध ओढत नाही, ढिलं पडलंय, गार किंवा फार तापलेलं आहे, श्वास मिनिटाला ६० च्या वर आहे किंवा छाती आत ओढली जातेय, झटके येतात, निळसर दिसतं, तळहात-तळपाय पिवळे झालेत, यातलं एकही दिसलं तर वाट बघायची नाही. १०८, आणि बाळ छातीवर ठेवूनच निघायचं. शासकीय रुग्णालयात आजारी बाळाचे उपचार आणि प्रवास वर्षभर मोफत आहेत, हे पुन्हा सांगा. कर्जाच्या भीतीने लोक एक रात्र थांबतात.

कधी थांबवायचं

तारीख तुम्ही ठरवू नका, बाळ ठरवतं. साधारण अडीच किलोच्या आसपास, दिवस भरत आले की ते पट्ट्यात राहायला तयार होत नाही. हातपाय बाहेर काढतं, वळवळतं, बांधलं की रडतं आणि खाली ठेवलं की गप्प होतं. आई थोडी हिरमुसते. तिला सांगा की थंडीच्या रात्री, लस दिल्यावर, रडरड असेल तेव्हा अजूनही घ्यायला हरकत नाही. वहीत त्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात ‘बाळाने नको म्हटलं’ असं लिहा, वजन लिहा, आणि पट्टा परत आला की गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका. काचेत दुसरं कुणीतरी असतंच.